बातमीत न आलेली दुपार

प्रिय मामाजी,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहितात का, मला माहीत नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून हसला असता. पण आज लिहायला बसले आहे, कारण आज आपलं घर पेपरात आलं. आणि वाचून दाखवायला तुम्ही नाही!

आतल्या पानावर, अगदी खाली, एका कोपऱ्यात. मथळा असा: ‘अस्वलाने फस्त केला गुळांबा!’ खाली चार ओळी. सासू-सून घरात अडकल्या, अस्वल गुळांबा खाऊन जंगलात पसार झालं, परिसरात चर्चेला उधाण. माझं नाव सुमनचं सुनंदा झालंय. आईंचं तर नावच नाही, नुसतं ‘वृद्धा’. त्यांना सांगितलं तेव्हा केवढ्या रागावल्या! “मी वृद्धा? लिवनाऱ्याले म्हनाव घरी ये, दाखवतो तुले वृद्धा.”

शेजारच्या गजाननभाऊंनी पेपर आणून दिला. आपल्याकडे आता येत नाही. तुम्ही गेलात त्या हिवाळ्यानंतर यांनी बंद केला. “वाचतं कोन?” म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

आठवतं तुम्हाला, सकाळी मी चुलीशी भाकरी थापायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसायचा? गावातले लोक म्हणायचे, म्हातारा सुनेच्या चुलीजवळ काय बसतो! तुम्हाला काही वाटायचं नाही. राजकारण तुम्ही स्वतःसाठी मनात वाचायचा आणि माझ्यासाठी वेगळ्या बातम्या काढायचा. चोरी करायला आलेला चोर खिचडी खाऊन तिथंच झोपला. कुठल्या गावात माकडांनी लग्नाच्या मांडवातून नवरदेवाचा फेटा पळवला. लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर तुम्ही दोनदा वाचलंत. आधी हसलात, मग पेपर मांडीवर ठेवून चष्मा पुसत बसलात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, “सुमन, पानी असं उगाच रंग बदलत नसते वं.”

या घरात मी एकोणीस वर्षांची आले. खामगावपलीकडचं जग मी तुमच्या तोंडून ऐकलं. खरं सांगते, मामाजी, तुम्ही गेलात आणि माझी एक खिडकीच कोणी बुजवून टाकली.

आता त्या दुपारचं सांगते. पेपरात आलं ते सगळं खरं आहे, आणि त्यात काहीच नाही.

यंदा ऊन फार आहे. विहिरीनं लवकर तळ गाठला. हे मोटारीचं वाइंडिंग करून आणायला खामगावला गेले होते. मी सकाळी कैऱ्यांचा गुळांबा केला होता आणि पातेलं निवायला स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी ठेवलं होतं. शेजारी पाण्याची बादली. पुढचं दार आतून लावलेलं, दुपारी लावतेच मी. मागचं पत्र्याचं दार उघडं, वारा यावा म्हणून.

आई त्यांच्या खोलीत. तुम्ही गेल्यावर वर्षभरात त्या मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून लोखंडी पलंग आणि गल्लीकडची गजांची खिडकी, एवढंच त्यांचं राज्य. चालायचं तर वॉकर धरून, तेही मी सोबत असले तर. ऐकायलाही फार कमी येतं. कूलर घरघरत होता. मी त्यांना ताक द्यायला आत गेले, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं.

मला वाटलं, कुत्रं. “हाड!” म्हणत मी मधल्या घरात आले.

आधी नुसता काळा ढीग दिसला. कोणी घोंगडं टाकून गेलंय की काय असा. मग तो ढीग हलला. तोंड पातेल्यात होतं. माझा आवाज ऐकून ते वर आलं. नाकापासून छातीपर्यंत गुळांबा लागलेला, आणि ते दोन पायांवर उभं राहिलं!

मामाजी, तुम्ही मला सांगायचा, “अस्वल मानसाले भेते. आपन आपल्या वाटेनं जावं, ते त्याच्या वाटेनं जाते.” अर्धंच सांगितलंत तुम्ही! वाट एकच असली आणि ती स्वयंपाकघरातून जात असली तर काय करायचं, ते का नाही सांगितलं?

मी ओरडलेसुद्धा नाही. मागं मागं सरकत आईंच्या खोलीत आले आणि दार लोटलं. वरची कडी लावली. खालचा बोल्ट गेल्या पावसाळ्यापासून बसत नाही, लाकूड फुगलंय. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि दोन्ही पाय आईंच्या पलंगाला रोवले. दार आत उघडणारं, त्यामुळे दुसरं काही करताच येत नव्हतं.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. “काय झालं वं?”

“अस्वल!”

“कोन? असलम आला? कूलरवाला? मंग बस म्हना त्याले, ताक दे.”

मी हसले, मामाजी. दाराला पाठ लावून, पाय पलंगाला रोवलेले असताना हसले. मग हातांनी, तोंड फुगवून, नखं दाखवून त्यांना सांगितलं. त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडावर धरला.

बसल्या जागेवरूनच मी ‘अस्वल, अस्वल’ म्हणत गजाननभाऊंना हाका मारल्या. ते शेजारच्या ओट्यावर लवंडले होते. धावत आले, खिडकीतून पाहिलं, आणि लगेच मागच्या बाजूला पळाले. चांगलाच माणूस, तुम्हाला माहीत आहे. पण त्यांच्या मेहुण्याला गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलानं धरलं. त्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून गजाननभाऊ वावरात एकटे जात नाहीत.

थोड्या वेळानं मागून पत्रा खणखणला आणि त्यांचा आवाज आला, “लावली कडी! कोंडलं त्याले!” आणि धावून आलेले शेजारी ओरडले. आनंदानं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते बाहेरून कोंडलेलं, आणि आम्ही त्याच्यासोबत.

मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, “भाऊ, कडी काढा! जाऊ द्या त्याले!”

गजाननभाऊ खिडकीशी आले. घामानं भिजलेले. “वहिनी, घाबरू नका. फॉरेस्टवाल्यायले फोन केला. गाडी निघून राह्यली. तोवर त्याले बाहेर सोडता येत नाई. एवढे लोक हायेत, लेकरं हायेत.”

“अन् आम्ही?”

त्यांनी खाली पाहिलं. “दार पक्कं हाये नं तुमचं?”

काय सांगणार होते मी? पक्कं आहे म्हणाले असते तर ते निश्चिंत झाले असते. नाही म्हणाले असते तरी कडी काढली नसती. फॉरेस्टची गाडी घाट उतरून यायची. ती येईपर्यंत माझ्या पाठीला आणि त्या दाराला एकमेकांना धरून राहायचं होतं.

मग गाव जमलं. गल्ली भरली. खिडकीच्या प्रत्येक दोन गजांमधून एकेक फोन आत आला. एक जण, ओळखीचा, आपल्याकडे सोयाबीन काढायला येणारा, मला म्हणाला, “काकू, जरा बाजूले व्हा, दार दिसू द्या!”

मामाजी, मी बाजूला झाले असते तर दार उघडलं असतं!

तेवढ्यात मागच्या परसातल्या वाडीतून एक आवाज आला. लेकरू हुंदके देत रडतं ना, दम लागल्यासारखं, तसा. लोक ओरडायला लागले, “पिलू! पिलू हाये! निंबावर चढलं!” तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ते बाहेर राहिलं होतं, माय आत आली होती.

आणि घरात ती वेडी झाली.

पत्र्यावर धडक. मग पुढच्या दारावर. फडताळ कोसळलं, तुम्ही आणलेल्या वर्षानुवर्षांच्या बरण्या फुटल्या असाव्यात, आवाज तसाच होता. मग तिला आमच्या दाराखालचा उजेड दिसला. ती आली. दाराच्या फटीशी नाक लावून तिनं श्वास ओढला, इतक्या जोरानं की फरशीवरची धूळ सरकली. माझ्या साडीचा काठ फटीकडे ओढला गेला. ओल्या मातीचा, आंबूस वास आला. मग नखं. वरून खाली, वरून खाली. कडी नाचत होती. तिचा प्रत्येक धक्का माझ्या पाठीतून पायात आणि पायातून पलंगात जायचा, आणि पलंगासोबत आई हलायच्या.

बाहेर कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. पिलाला हाकलायला की तिला घाबरवायला, कोणास ठाऊक! त्या आवाजानं ती दारावर अशी आदळली की वरच्या कडीचा एक खिळा उडून माझ्या मांडीवर पडला.

आईंनी विचारलं, “काऊन एवढं चिडून राह्यलं ते?”

मी ओरडून सांगितलं, “पिलू बाहेर हाये तिचं! झाडावर!”

त्यांनी ऐकलं. मग काय झालं, सांगते. खुबा मोडल्यापासून स्वतःहून न उठलेल्या आई, तुमच्या घरच्या, पलंगाच्या कठड्याला धरून उठून बसल्या. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. आणि त्या फोनांच्या गर्दीवर अशा ओरडल्या की मला तुमची आठवण झाली, तुम्ही रानडुकरांवर ओरडायचा तशी.

“ठेवा बे ते फोन! लाज नाई वाटत? गजानन, कडी काढ! तुह्या मायले एका घरात अन् तुले झाडावर बसवलं असतं, तर तिनं काय केलं असतं? तुही माय तर गाव जाळून टाकती!”

दोन-तीन जण हसले. गजाननभाऊ हसले नाहीत. पण कडीही काढली नाही. “आजी, तुम्हाले काय सांगू,” एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. त्यांना मी त्या क्षणी माफ केलं नाही. आता करते. भीती त्यांच्याही घरात राहते.

मग यांची गाडी आली. तो आवाज मी कुठंही ओळखते, सायलेन्सर फुटलेला. हे गर्दीतून खिडकीशी आले. सोबत विहिरीची मोटार-बिटार काही नाही, फोन मिळताच सगळं तिथंच टाकून आले होते. आम्ही दोघं फार बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. दिवसभरात चार वाक्यं. त्यांनी मला दाराशी बसलेलं पाहिलं आणि गज धरले.

“सुमन.”

“लोकं हटवा,” मी म्हणाले. “मागची कडी काढा. दार फार वेळ टिकत नाई.”

त्यांनी ‘काऊन’ विचारलं नाही. ‘फॉरेस्टवाले येऊ दे’ म्हणाले नाहीत. वळले, आणि त्यांचा आवाज मला प्रथमच एवढा मोठा ऐकू आला. सगळ्यांना घरात जा म्हणाले, माळवदावर चढा म्हणाले, वाडी रिकामी करा म्हणाले. गजाननभाऊंनी त्यांचा दंड धरला. “ते तुह्यावर आलं तर?”

“येऊ दे. बायको हाये माही आत. अन् माय.”

पुढचं मी फक्त ऐकलं. मागच्या दाराशेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर पावलं. मग कितीतरी वेळ काही नाही. नंतर कळलं, आंबे उतरवायची लांब आकडी घेऊन हे गोठ्यावर पालथे झोपले होते आणि वरूनच कडी सरकवायचा प्रयत्न करत होते. ती इकडे माझ्या दाराशी, हे तिकडे. मी तिच्याशी बोलायला लागले, मामाजी. काय बोलले, आठवत नाही. ‘थांब माय, थांब, उघडते’ असंच काहीतरी. दाराला तोंड लावून.

कडी निघाली. पत्रा वाऱ्यानं करकरला. आणि दारावरचं वजन एकदम गेलं.

गावातल्या प्रत्येक फोनमध्ये ते आहे, म्हणे. ती वाडीत आली, निंबाखाली उभी राहिली, पिलू घसरत खाली आलं, तिच्या पाठीवर चढून केस धरून बसलं, आणि ती मागं न बघता नाल्यानं वर गेली. यांच्याकडे तिनं मान वर करून पाहिलंही नाही. सगळ्यांनी पाहिलं. जिच्या घरात ती होती तिनं मात्र पाहिलं नाही. मला नंतर व्हिडिओ दाखवला, पण त्यात ती एवढीशी दिसते, आणि मागं कोणीतरी शिट्ट्या वाजवतंय.

यांनी दार उघडायला सांगितलं तेव्हा मला उठता येईना. पाय पलंगापासून सुटेनात. शेवटी आईंनीच वाकून माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “गेला वं तुहा असलम. ऊठ आता.”

फॉरेस्टचे लोक आले. भले होते बिचारे. दारावरचे नखांचे ओरखडे पाहिले, फोटो काढले. त्यातला एक प्रौढ गृहस्थ आपल्याच रांजणातलं पाणी पिऊन म्हणाला, “ताई, वरचे पाणवठे आटले. ती पान्यासाठी उतरली, गुळाचा वास तिले बोनस.” हे म्हणाले, “मंग वर पानी टाका.” त्यानं रांजणावर झाकण ठेवलं.

इथपर्यंत बातमी, मामाजी. यानंतरचं कोणी छापत नाही.

मागचं दार मी त्या दिवसापासून उघडलेलं नाही. धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात, पण उघडत नाही. धुणं पुढच्या ओट्यावर वाळतं. भांडं पडलं की माझे पाय आपोआप रोवायला काहीतरी शोधतात. पाहुणे येतात ते दार बघायला, ओरखड्यांवर बोटं फिरवतात, चहा पितात, फोटो काढतात. हसतात. मी पण हसते. आपण दोघं त्या फेटा पळवलेल्या नवरदेवावर हसलो होतो ना? तो त्या दिवशी रडला असेल का हो? आपण एकदाही विचारलं नाही.

निखिल पुण्याहून रोज फोन करतो. “आई, आजीला घेऊन ये. बाबांनाही आण. तिथं राहण्यासारखं आता काय आहे?” त्याचं चुकत नाही. पण त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, बाल्कनीला जाळी, आईंचा लोखंडी पलंग लिफ्टमध्ये मावायचा नाही. यांना विचारलं तर म्हणतात, “वावर काय डोक्यावर घेऊन जाऊ?” मग जेवून उठतात आणि वावरातल्या माळ्यावर, मचाणावर, राखणीला निघून जातात, रोही पीक खायला येतात म्हणून. मी दोघांच्या मध्ये. इथं दार बंद, तिथं जाळी. कधी कधी कढई घासता घासता मला वाटतं, तिला तरी निदान एक कडी काढून वाट मिळाली. माझी कडी कुठं आहे तेच मला दिसत नाही.

आणि तिला तरी कुठली वाट मिळाली? वर पाणी नाही. खाली आपण. प्रत्येक वावराला विजेच्या झटक्याची तार. मध्ये रस्ता, त्यावर रात्रंदिवस ट्रक. ती आपल्या घरातून सुटली, एवढंच.

आता गावाचं ठरलंय. उद्या शाळेच्या पटांगणात सभा आहे. पिंजरे लावा, अस्वलं पकडून दूर न्या, अशी मागणी करायची. गजाननभाऊ काल आले होते. म्हणाले, “वहिनी, तुम्ही बोललं पाहिजे. तुमच्यावर बेतलं. तुमच्या बोलन्यानं वजन पडंल.”

मी म्हणाले, “मी पिंजरा मागणार नाई, भाऊ.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “ते दार पाहून बी?”

“ते दार पाहूनच. मी वर जंगलात पानी मागणार. उन्हाळाभर.”

“अन् पानी भेटूनबी ते खाली आलं तर?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही, मामाजी. तुमच्याकडे होतं का? त्यांच्या मेहुण्याचा डोळा मी कुठून आणून देऊ? चहा गार झाला. लोक म्हणतील, सुमन येडी झाली भीतीनं. आधीच म्हणतात.

आई ऐकत नव्हत्या असं मला वाटलं होतं. पण त्यांनी सगळं ओळखलं. “मले बी न्या सभेत,” म्हणाल्या. वॉकरनं तेवढं चालवणार नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून न्यायचं ठरलं. एक बाजू हे धरणार. दुसऱ्या बाजूला कोण, असं हे विचारत होते, तर गजाननभाऊ म्हणाले, “मी धरतो. मी पिंजराच मागनार हाये, पन आजीले मीच नेतो.”

मी उद्या बोलेन, मामाजी, हा शब्द देते. आवाज कापेल, कापू दे. भ्याले होते हे सांगेन, अजून भिते हेही सांगेन, आणि तरी पाणीच मागेन. माझं कोणी ऐकेल असं मला वाटत नाही. पण नाव विचारलं तर नीट सांगेन.

तुमची सून,
सुमन